कानापर्यंत

मैनाने उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेला आणि डाव्या कानाच्या दोन बोटं अलीकडे थांबवला.

"आणखी थोडा," ओटीवर बसलेले गुरुजी म्हणाले.

मैनाने ओठ चावला, पण बोटं काही पुढे सरकेनात. पहिलीत बसवायच्या पोरांची गुरुजी अशीच परीक्षा घेत. जन्माचे दाखले वाडीत कुणाकडे नसत, आणि आया सांगतील ते खरं धरलं तर निम्मी वाडी गणपतीतच जन्मलेली निघाली असती. त्यापेक्षा हा हिशेब सोपा. हात कानाला लागला की पोर शाळेचं झालं.

"गेल्या सालीही इथेच अडलं होतं."

"चणच बारीक हाय तिची," तिची आई तुळसा म्हणाली. "ऱ्हाव दे अजून एक वरीस."

"तुळसाबाई, सात सरली असतील हिला. हात पुरो न पुरो, सोमवारी घेऊन या."

गुरुजी पाखाडीच्या पायऱ्या उतरून गेले. तुळसा खांबाला टेकून तशीच उभी राहिली. तिला वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. हल्ली तिला काही वाटतच नसे. भीती तेवढी उरली होती, तीही एकच. शाळा म्हटली की पोर जातं.

थोरली मालन अशीच गेली होती, दोन वर्षांपूर्वी. मुंबईहून नणंद आली, मूलबाळ नसलेली. म्हणाली, इथल्या शाळेत काय शिकणार, एक वर्ष माझ्याकडे राहू दे. तुळसाचा नवरा काशीराम तिकडेच गोदीत कामाला. बहिणीपुढे त्याच्या तोंडातून ब्र निघाला नाही. एकाची दोन वर्षं झाली. यंदा मे महिन्यात मालन आत्याबरोबर आली, चार दिवस राहिली आणि पाचव्या दिवशी चुलीपाशी उभी राहून आत्याला म्हणाली, "आपण घरी कधी जायचं?" तुळसा भाकरी थापत होती. तिने भाकरी थापून पुरी केली, तव्यावर टाकली, वेळेवर उलटली.

दिवस कलला तशी मैना कोंबड्या कोंडायला गेली. एक तलंग काही केल्या खुराड्यात जाईना, तेव्हा तिने तिला पकडून डाव्या काखेत दाबली. तेवढ्यात कान खाजला. डावा हात गुंतलेला, म्हणून उजवा हात डोक्यावरून गेला आणि तिने डावा कान मुळापासून खसाखसा खाजवला.

तुळसा मागल्या दारात उभी होती.

"मैने, हात पुरतो तुझा?"

पोर जागच्या जागी थिजली. काखेतली तलंग निसटून अंगणभर पळाली.

"कवापासून?"

"गेल्या सालापासून."

"मग गुरुजींना का नाय दावलास?"

मैना पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली.

"तायडी गेली तवा तू रडली पन नायस," ती म्हणाली. "नुसती जेवायची बंद झालीस. मी असते म्हनून माज्याबरोबर दोन घास तरी खातीस. मी शाळंत गेले तर दुपारी तुला कोन जेवाय घालनार?"

तुळसाने तलंग पकडून आणली, खुराड्याची फळी लावली.

सोमवारी तिने मैनाची वेणी घातली आणि तिला शाळेत नेलं. गुरुजी दारातच होते.

"हात पुरत नसला तरी घेतो हिला," ते म्हणाले.

"पुरतो, गुरुजी. दाव गो त्यांना."

मैनाने हात उचलला नाही. ती आईकडे बघत होती.

"आदी तू घरी जाऊन जेव. मग दावीन."

गुरुजी हसले. तुळसाला हसू आलं नाही, पण ती वळली आणि चालू लागली. मागे पोर रडत असेल म्हणून तिने कान दिला. रडण्याचा आवाज आला नाही.

घरी येऊन तिने भात वाढून घेतला, वर सकाळचीच कुळथाची पिठी. पहिले दोन घास रोजच्यासारखे नुसते घशाखाली गेले. तिसऱ्याला ती थांबली. पिठी अळणी होती, पार अळणी. मीठ घातलं होतं की नाही तेही तिला आठवेना. कालची? परवाची? मैना तर रोज पान चाटूनपुसून उठायची, तिने चकार शब्द काढला नव्हता.

तुळसा त्या पानापुढे रडली, मालन गेल्यापासून पहिल्यांदाच, पदर तोंडात कोंबून, चांगली पोटभर.

मग तिने चूल पुन्हा पेटवली, पिठीचं भांडं वर चढवलं आणि मिठाच्या बरणीत हात घातला. शाळा सुटली की पोर भुकेली येणार होती.