खांगचं नाव

साउ मावशीने आपल्या खाण्याच्या गाडीपाशी ओले हात पुसले, एप्रनच्या खिशातून फोटो काढला आणि ती लामच्या शेजारी येऊन उभी राहिली. बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले सहा परदेशी पाहुणे तिच्याकडे पाहू लागले.

"सांग," ती म्हणाली.

लाम सांगू लागला. मोटरसायकलवरून रात्रीच्या सायगॉनची खादाडी घडवणाऱ्या त्या कंपनीत त्याच्याइतका हसवणारा दुसरा गाइड नव्हता.

"हा हिचा नवरा, तरुणपणीचा," तो इंग्रजीत म्हणाला. "यानं अट घातली होती, माझ्या आईपेक्षा चांगला खेकड्याचा रस्सा केलास तरच लग्न. आता तीस वर्षं झाली, अजून म्हणतो, आईचाच चांगला!"

पाहुणे खळखळून हसले. एका बाईने फोटो हातात घेतला. "देखणा होता हो!" मावशीला त्यातलं अक्षरही कळलं नाही. तिने फोटो परत घेतला, वाकून आभार मानले आणि प्रत्येकाच्या वाडग्यात खेकड्याची एक वडी जास्तीची टाकली.

फोटो तिच्या मुलाचा होता. खांग, वय बावीस. चौदा महिन्यांपूर्वी कॉम्प्युटरवरचं काम मिळतंय म्हणून हद्द ओलांडून कंबोडियात गेला. आठवड्याने एकदा फोन आला. "आई, इथून बाहेर सोडत नाहीत," एवढंच बोलला आणि फोन बंद झाला तो झालाच. तक्रार केली, नवस केले, त्याला तिकडे धाडणाऱ्या एजंटच्या बंद दारापुढे बसून झालं. मग मावशीच्या मनात आलं, जगभरची माणसं रोज आपल्या गाडीवर जेवतात, त्यातलं एखादं तरी पुढे तिकडे जात असेल. त्यांना फोटो दाखवावा, नाव सांगावं.

पहिले दोन दिवस लामने खरं तेच सांगितलं होतं. पाहुण्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. एक मुलगी रडत हॉटेलवर परत गेली आणि तिने ते सगळं कंपनीच्या इंटरनेटवरच्या पानावर लिहिलं. पुन्हा असं झालं तर ही गाडी यादीतून काढू, असा ऑफिसातून निरोप आला. लामने कानाला खडा लावला आणि ही नवऱ्याची गोष्ट रचली. हे आपण मावशीच्या पोटासाठीच करतोय, असं तो मनाला समजावायचा. तरी घरी जाताना स्वतःची किळस यायची ती यायचीच.

पाहुणे रस्त्यापलीकडे उसाचा रस प्यायला गेले. मावशी वाडगे विसळायला बसली.

"जेवलास?"

"जेवलो, मावशी."

"खोटारड्या. तोंड बघ सुकलंय. बायको कर म्हणते तर ऐकत नाहीस. मी गेल्यावर कोण विचारणार आहे तुला?"

तिने त्याच्यापुढे भरलेला वाडगा ठेवला आणि पुन्हा पाण्यात हात घातले.

"लाम, नाव इंग्रजीतही तेच राहतं ना रे?"

"कसलं नाव?"

"माणसाचं. खांगला ते लोकही खांगच म्हणणार ना?"

लामचा घास तोंडापाशीच राहिला.

"आठ महिने कान देऊन ऐकतेय," ती म्हणाली. "बाकी मला कळत नाही, पण पोराचं नाव कळेल की. एकदाही आलं नाही. आणि हरवलेल्या पोराचं ऐकून कोण हसतं रे?"

"मावशी, मग लोक जेवत नाहीत. तुमची गाडी यादीतून..."

"कळलंय मला ते. मी काय खुळी आहे?" तिने पाणी गटारात ओतलं. "इतक्या दिवसांत त्याला तिथे कुणी शोधलं असतं..." तिने वाडगे एकात एक रचले. "शेजारणी माझ्यासमोर त्याचं नाव काढत नाहीत. जीभ चावतात. चौदा महिन्यांत कुणी त्याला हाक मारलेली नाही. तुझी गोष्ट तुला हवी तशी सांग बाबा. नाव तेवढं घाल त्यात कुठेतरी."

नऊ वाजताची टोळी आली. आठ जण, दोन ठिकाणी बिअर पिऊन रंगात आलेले. मावशी फोटो घेऊन उभी राहिली.

"हा हिचा नवरा," लाम म्हणाला आणि अडखळला. "याचं नाव खांग."

"कँग?" एका उंच माणसाने विचारलं.

"खांग. सगळ्यांनी म्हणा पाहू."

लोकांना असलं आवडतंच. लग्नाची अट सांगून झाली, हशा पिकला, फोटो हातोहात फिरला. उंच माणसाने बाटली वर केली. "खांग!" आठही जण स्टुलांवरून उठले आणि भर गल्लीत घसा फोडून ओरडले, "खांग! खांग!"

मावशी तोवर रश्श्याच्या पातेल्याकडे वळली होती. तिच्या हातातला डाव थांबला. ती गर्रकन फिरली. पाहुण्यांकडे तिने पाहिलं नाही, लामकडेही नाही. ती कोपऱ्याकडे बघत होती, जिथे खांग स्कूटर लावायचा.