खरवडलेली लाल अक्षरं

मित्रांनो, माझी नऊ बटणं तुटली आहेत आणि माझा स्वभावही आता गोड राहिलेला नाही. मी एक जुना कीबोर्ड आहे. कीव करायला आला असाल, तर परत जा. ऐकायला आला असाल, तर बसा.

मला घडवलं तेव्हा माझ्या बटणांवर दोन-दोन अक्षरं छापली होती. पांढरं कचेरीच्या भाषेचं, लाल कामगारांच्या भाषेचं. डब्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी रुजू झालो. तिथल्या टायपिस्टबाई दोन्ही भाषा सारख्याच सफाईनं टाइप करत. कामगार दारात उभं राहून रजेचा अर्ज सांगत आणि बाई तो त्यांच्याच शब्दांत उतरवत. "अगदी माझ्या तोंडचं लिहिलंत," असं म्हणत माणसं जात, तेव्हा मला फार बरं वाटे.

नव्या मॅनेजरच्या डोळ्यांत ते खुपलं. "ही गावठी बडबड माझ्या कचेरीत टाइप व्हायची नाही," तो म्हणाला. त्यानं शिपायाला ब्लेड दिलं आणि माझी लाल अक्षरं एकेक करून खरवडायला लावली. त्या दिवसापासून मी त्या माणसाचा द्वेष करतो. अजून करतो.

पुढे झाकणं कापणाऱ्या प्रेसवरच्या मावशींची दोन बोटं गेली. यंत्रापुढची जाळी मॅनेजरनंच काढायला लावली होती. जाळीमुळे काम हळू होतं म्हणे. चौथ्या दिवशी मावशी उजव्या हाताला पट्टी बांधून कचेरीत आल्या. त्यांचा जबाब मॅनेजरनंच सांगितला, तोही कचेरीच्या भाषेत. मावशींना ती वाचता येत नव्हती.

"डावा अंगठा लाव इथं," मॅनेजर म्हणाला.

"मावशी, थांबा," टायपिस्टबाई म्हणाल्या. "यात लिहिलंय की जाळी तुम्हीच काढलीत."

मावशींचा चेहरा उतरला. "मी कशाला काढू? मी तर ती परत लावा म्हणून मागे लागले होते."

"वाचून दाखवायला तुम्हाला कोणी सांगितलं?" मॅनेजर बाईंवर खेकसला.

"बोटं त्यांची गेलीत, साहेब."

बाईंना बाहेर काढायला तो पहारेकऱ्याला बोलवायला गेला. तेवढा वेळ पुरला. माझ्यावर लाल अक्षर एकही नव्हतं, पण बाईंच्या बोटांना जागा पाठ होत्या. मावशी सांगत गेल्या, बाई टाइप करत गेल्या. मावशींनी छापलेला कागद स्वतः वाचला, उजव्या हातानं सही जमेना म्हणून डावा अंगठा उमटवला आणि कागद पिशवीत घातला. मॅनेजर परतला, तेव्हा राग काढायला त्याला मीच सापडलो. त्यानं मला वायरीसकट उपटून भिंतीवर आपटलं. बाईंची नोकरी त्याच दुपारी गेली.

मावशींनी तो कागद सरकारी तपासनिसाच्या हातात दिला. सगळ्या प्रेसवर जाळ्या परत बसल्या. मॅनेजरची नुसती बदली झाली. शिपाई या भंगाराच्या खोलीत डबा खायला येतो, त्याच्या बोलण्यातून मला हे कळलं. बाईंना मात्र कोणी परत बोलावलं नाही. त्या जाळ्यांमुळे ज्यांचे हात आज शाबूत आहेत, त्यांनीसुद्धा बाईंसाठी तोंड उघडलं नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका. मला त्याचं काही वाटत नाही. पण न समजणाऱ्या कागदावर सही करू नका. तो तुमच्या भाषेत मागा. आणि जो तुम्हाला तो वाचून दाखवेल, त्याला एकटं टाकून घरी जाऊ नका.