भिंतीमागची नाळ

उत्तम रेडीज यांनी मनाशी हिशेब मांडला तेव्हा तो सगळाच फायद्याचा निघाला. पूनम सागरमधल्या त्यांच्या सोसायटीत चौदा घरांच्या न्हाण्या फोडून नव्या केल्या होत्या. तो राडारोडा ट्रकने लांब टाकायचा तर भाडं. भिंतीमागच्या नाळेत, म्हणजे खाडीचं पाणी आतबाहेर नेणाऱ्या चरात, लोटला तर फुकट. शिवाय खाडीचा वास बंद, आणि सेक्रेटरीची खुर्ची आणखी तीन वर्षं पक्की. भिंतीमागे पाणथळ होती, तिवरं होती, ‘पक्ष्यांसाठी राखीव’ अशी पाटीही होती. पण पाटी सोसायटीकडे पाठ करून उभी होती, आणि उत्तमरावांना पाठमोऱ्या गोष्टी वाचायची सवय नव्हती.

गेटवर मासळी विकणाऱ्या डोंगरीच्या विमलाबाईने टोपली उतरवता उतरवता विचारलं, “सायेब, नाळ कशाला बुजवताय? भरतीचं पानी तिथूनच आत येतं.”

“म्हणूनच बुजवतोय, मावशी. तुम्ही बोंबलाचा भाव सांगा.”

“भाव मंग सांगते. पानी आतबाहेर झालं न्हाय तर बारकी मासली मरंल. मंग डासांची पिल्लं कोन खाईल?”

“तुमचे बगळे,” उत्तमराव म्हणाले. कमिटीतले दोघं पोटभर हसले.

नाळ बंद झाली. महिन्याभरात साचलेलं पाणी हिरवं पडलं आणि वास दुप्पट झाला. चिखलात चोची खुपसणारे थवे उठून गेले. ते मेंटेनन्स भरत नसल्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. डास आले तशा सगळ्या मजल्यांवर खिडक्यांना जाळ्या लागल्या. भिंतीला टेकलेल्या पत्र्याच्या केबिनला मात्र जाळी नव्हती, आणि तिथे वॉचमन ईश्वर राहायचा.

ईश्वरला मलेरिया झाला. बाराव्या दिवशी तो भिंत धरत धरत गेटवर आला, तेव्हा उत्तमराव रजिस्टर उघडून बसले होते.

“अकरा खाडे. पगार कापावा लागेल, ईश्वर. नियम आहे.”

“कापा साहेब. फक्त केबिन इथून हलवा. पुन्हा ताप आला तर नोकरी सोडून गावी जावं लागेल. घर माझ्याच पगारावर चाललंय.”

विमलाबाई बोंबील साफ करत होती. मान वर न करता ती म्हणाली, “सायेब, बुकात आनखी एक लिवा. ट्रकचं भाडं या मानसानं भरलं, अंगातल्या तापानं.”

उत्तमरावांना हसून उडवायचं होतं, जमलं नाही. तीस वर्षं ऑफिसात त्यांनी दुसऱ्यांची बिलं तपासली होती. हे बिल नजरेतून सुटलं होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“मावशी, नाळ पुन्हा उघडली तर पाणी येईल?”

“त्याला कमिटीचा ठराव लागत न्हाय.”

रविवारी ओहोटीला उत्तमराव स्वतः घमेलं घेऊन चिखलात उतरले. कमिटीतले ते दोघंही आले, नाकाला रुमाल बांधून. राडारोडा ट्रकमध्ये चढला, आणि दुपारच्या भरतीला पाणी खळखळत आत शिरलं.

नागरिकहो, फुकटात टाकलेल्या कचऱ्याचंही बिल निघतं. ते फक्त टाकणाऱ्याच्या दारी जात नाही. ज्याला विचारलंच नव्हतं त्याच्या दारी जातं. म्हणून सही करण्याआधी त्याचं दार कुठलं, ते बघून यावं.

ट्रकचं भाडं शेवटी सोसायटीनं दिलं. ईश्वरचा पगार पूर्ण मिळाला, केबिनही हलली. चिखलात चोची खुपसणारे तुतारी पक्षी परतले. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, त्या वर्षी आले नाहीत. अकरा दिवसांचा ताप मात्र ईश्वरच्याच नावावर राहिला. तो दुसऱ्याच्या नावावर टाकायची सोय कुठल्याच रजिस्टरात नाही.