वेडशेंग

लेकीने घोडीच्या जबड्यात बोटं घालून हिरवा चोथा बाहेर ओढला आणि तळहातावर पसरून पाहिला. वेडशेंगच होती. चोथ्यात एक जांभळं फूलसुद्धा होतं, अख्खं.

पण आली कुठून? वाळवंटात दुसरं काही उगवायच्या आधी ही अवदसा हिरवीगार होते. वाटाण्यासारखी पानं, फुगीर शेंगा, दिसायला अगदी गरीब. जनावराने एकदा तोंड लावलं की त्याला दुसरं काही गोड लागत नाही. मग ते भेलकांडतं, स्वतःच्या सावलीला बुजतं आणि एक दिवस उठतच नाही. गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, अजून वेळ गेलेली नाही, पण आता एक पानही पोटात जाता कामा नये. म्हणून तर लेकीने घोडी ओढायची ती पाण्याची गाडी बंद ठेवून तिला घरामागच्या कुंपणात कोंडलं होतं. आतलं रान तिने स्वतः खुरपून काढलं होतं.

तेवढ्यात तिचे वडील आले. त्यांनी कुंपणावरून वाकून हातातली जुडी पुढे धरली, आणि सकाळपासून लेकीकडे ढुंकूनही न बघणारी घोडी लाडाने खिंकाळली. बाबांचा चेहरा केवढा खुलला! हल्ली पोटच्या पोरीला ते शेजारीण समजत. घोडी मात्र त्यांना पक्की आठवत होती.

लेकीने जुडी हिसकावून घेतली. रागवायचं तरी कोणावर? तिने त्यांना जवळ बसवलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, की हे विष आहे, याने घोडी मरतेय. बाबांना ते लख्ख कळलं. घोडीच्या गळ्यात पडून ते हमसून हमसून रडले.

"कोण मेला घालतो हिला हे?"



"असेल कुणीतरी," ती म्हणाली.

"तू जा बाई घरात. आता मी बसतो इथे. बघतोच कोण येतं ते."

त्यांनी स्टूल ओढून कुंपणाच्या फाटकातच मांडलं. तिने हाताला धरून उठवायला पाहिलं, तर त्यांनी तिच्यावरच काठी उगारली. शेवटी हात टेकून ती चहा ठेवायला आत गेली. खिडकीतून नजर त्यांच्यावरच होती. पण पुढच्या दारी कोणीतरी पाण्याची गाडी कधी सुरू होणार म्हणून विचारायला आलं, आणि त्याची समजूत घालता घालता चहा आटून गेला.

ती मागे धावली तेव्हा स्टूल रिकामं होतं. माळावरून बाबा लगबगीने येत होते, छातीशी हिरवा भारा कवटाळून. फाटकाशी घोडी कान टवकारून उभी होती.