व्हेंच्युरीमीटरचं रीडिंग

महेश सरांनी हर्षालीच्या जर्नलवर तिसऱ्यांदा लाल पेनाने आडवी रेघ मारली आणि जर्नल टेबलावरून तिच्याकडे ढकललं. पान त्यांनी वाचलंच नव्हतं. शेवटचा आकडा तेवढा पाहिला होता.

"शून्य पॉइंट सत्त्याहत्तर?" ते म्हणाले. "व्हेंच्युरीमीटरचा कोइफिशिअंट सत्त्याण्णवच्या आसपास येतो. पुस्तकात आहे, सीनियर्सच्या जर्नलमध्ये आहे, मी फळ्यावर लिहून दिलंय. तुझंच पाणी काय वेगळं वाहतं?"

"सर, रीडिंग एवढंच येतंय. टाकी गळतेय बहुतेक. तुम्ही एकदा खाली येऊन बघा ना."

"नाचता येईना अंगण वाकडं," सर म्हणाले, आणि मागे जर्नल घेऊन रांगेत उभी असलेली पोरं खुसुखुसू हसली. "शुक्रवारपर्यंत नीट करून आण. नाहीतर टर्म ग्रँट होणार नाही. मग बस घरी वर्षभर."

सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्सची दहा प्रॅक्टिकल्स. दहाच्या दहा सह्या असतील तरच परीक्षेला बसायचं, एक जरी कमी पडली तरी वर्ष वाया. हर्षालीच्या नऊ झाल्या होत्या. दहावी या एका आकड्यापायी अडली होती.

प्रयोग तसा काही डोंगर फोडण्यासारखा नव्हता. व्हेंच्युरीमीटर म्हणजे मध्ये गळा आवळलेला पाइप. रुंद भागातल्या आणि अरुंद भागातल्या दाबाच्या फरकावरून किती पाणी वाहायला हवं ते गणिताने काढायचं. मग तेच पाणी मोजणीच्या टाकीत सोडायचं, पातळी दहा सेंटिमीटर चढायला किती सेकंद लागतात ते पाहायचं आणि खरोखर किती वाहिलं ते ठरवायचं. खऱ्याला गणितातल्याने भागलं की झाला कोइफिशिअंट. पण लॅब तळमजल्यावर आणि सरांची केबिन दुसऱ्या मजल्यावर. सर वर्षानुवर्षं उंटावरून शेळ्या हाकत होते आणि शेळ्याही खुशीत होत्या. वेळेच्या रकान्यात अख्ख्या वर्गाने दहा सेकंद लिहिलं होतं. मागच्या वर्गाने दहा, त्याच्या मागच्यानेही दहाच. त्यातल्या एकानेही स्टॉपवॉचचं बटण दाबलं नव्हतं. हर्षालीने दाबलं होतं. तिला साडेबारा सेकंद मिळाले. पुन्हा केलं, पुन्हा साडेबारा.

"अगं, टाक ना लिहून दहा," जिन्यात मुस्तकीम म्हणाला. तो मालेगावचा, तिच्याच बॅचचा आणि मनाने चांगला पोरगा. "हे घे माझं जर्नल. पाच मिनिटांत उतरवून होईल."

"मी डोळ्यांनी साडेबारा बघितलेत."

"सरांनी कुठे बघितलेत?"

"तेच तर म्हणतेय मी."

"यार, वर्ष जाईल तुझं, एका आकड्यासाठी. कोण विचारतंय नंतर?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची आई, उज्वला, अंबडला एका कारखान्यात तयार पार्ट मोजायच्या टेबलावर होती. पास की नापास, एवढंच ती दिवसभर लिहायची. शेजारच्या टेबलावरच्या बाईने एकदा न मोजता पेटीभर पार्ट पास केले, तर दुसऱ्या दिवशी तिला गेटच्या आत घेतलं नाही. बारावी झालेल्या बाईने मोजूनच लिहायचं, आणि पीएच.डी. झालेल्या माणसाने पोरांना न मोजता लिहायला शिकवायचं? वर आपल्यालाच नाचता येईना म्हणायचं? तिला सरांचा राग आला, हसणाऱ्या रांगेचा आला आणि मुस्तकीमचा सगळ्यात जास्त आला, कारण तो खरोखरच मदत करत होता.

ती तशीच तरातरा खाली लॅबमध्ये गेली. लॅब सांभाळणारे चंदरमामा खुर्चीवर बसून डबा खात होते.

"मामा, जेवण झालं की टाकी भरून द्या मला."

मामांनी हात धुतले आणि पंप लावला. टाकी वरपर्यंत भरल्यावर तिने पंप बंद करायला लावला, व्हॉल्व स्वतः घट्ट पिळला आणि काचेच्या नळीतल्या पातळीवर नजर लावून उभी राहिली. कुणी हात लावलेला नसताना एका मिनिटात पाणी बारा सेंटिमीटर खाली उतरलं.

"बघताय ना मामा?"

"ते लय दिसांचं हाय, ताई," मामा म्हणाले. "खालच्या व्हॉल्वचं वॉशर गेलंय. मी तीनदा अर्ज दिला. वरून काय उत्तर आलं म्हाईत हाय? पोरांचं रीडिंग तर बरोबर येतंय, मग दुरुस्ती कशाला?"

हर्षालीला आधी हसू आलं आणि मग संतापाने डोळ्यांत पाणी आलं. रीडिंग खोटं म्हणून टाकी दुरुस्त होत नव्हती, आणि टाकी दुरुस्त होत नाही म्हणून रीडिंग खोटं लिहायचं. इतक्या वर्षांत इतकी पोरं इथून इंजिनियर होऊन गेली. त्यांच्यातलं कुणीतरी कुठेतरी आता धरणाचे दरवाजे सांभाळत असेल.

गुरुवारी ती घरून येताना हार्डवेअरच्या दुकानातून रबरी वॉशर घेऊन आली. मामांनी पाना चालवला, तिने टॉर्च धरला, आणि दोघंही कोपरापर्यंत भिजली. टाकी पुन्हा भरली. पाच मिनिटं झाली तरी पातळी जागची हलली नाही. मग तिने पाच वेगवेगळ्या प्रवाहांवर रीडिंग घेतलं. जिथे साडेबारा सेकंद लागत होते तिथे दहा सेकंद आणि वर एक दशांश लागला. कोइफिशिअंट आला शून्य पॉइंट शहाण्णव.

"आला का?" मामांनी विचारलं.

"आला, मामा." त्या रात्री तिने प्रयोगाचं पान घरी बसून शाळेतल्या पोरीसारखं जपून लिहिलं. गळती कशी सापडली, वॉशर कधी बदललं, आधी किती येत होतं, सगळं लिहिलं.

शुक्रवारी सरांनी शेवटचा आकडा पाहिला, बरोबरची खूण केली आणि पानाच्या तळाशी सही ठोकली. बाकीचं पान त्यांनी आजही वाचलं नाही.

"आता कसं शहाण्यासारखं केलंस," ते म्हणाले. "कुणाचं उतरवलंस?"

"कुणाचंच नाही, सर. टाकीचा व्हॉल्व गळत होता. वॉशर बदललं, मग रीडिंग घेतलं. चंदरमामांना विचारा."

"बरं, बरं." सरांनी जर्नल बंद न करता वर धरलं आणि रांगेला दाखवलं. "हे बघा, अक्षर बघा. याला जर्नल म्हणतात. बी बॅचच्या ज्यांचं राहिलंय त्यांनी यावरून उतरवून घ्या. आकडे तेवढे थोडे इकडचे तिकडे करा, नाहीतर एक्स्टर्नल परीक्षकाला कळतं."

पुढे उभ्या असलेल्या पोराने हात लांब केला. त्याच्या मागे मुस्तकीम होता, तो खाली बघत होता.

हर्षालीने सरांच्या हातातून जर्नल ओढून घेतलं. ते पान मुळापासून धरलं आणि टरकन फाडलं.

"अगं, सही त्याच पानावर आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "कळतंय का तुला काय केलंस? वर्ष जाईल."

"कळतंय, सर." ती म्हणाली. "माझं पान कुणी उतरवायचं नाही. टाकी आता गळत नाही. ज्याला रीडिंग पाहिजे त्याने खाली यावं आणि घ्यावं. सर, तुम्हीसुद्धा या. मी परत घेते, तुम्ही समोर उभे राहा आणि मग सही करा."

सरांनी रांगेतल्या पुढच्या पोराचं जर्नल ओढलं आणि शेवटचं पान उघडलं.

ती दोन मजले उतरून लॅबमध्ये आली. जिन्यात तिने दोनदा मागे वळून पाहिलं होतं. कुणी येत नव्हतं.

"झाली का सही, ताई?" मामांनी विचारलं.

"झाली होती," ती म्हणाली, आणि तिने स्टॉपवॉच शून्यावर आणलं. "पंप लावा, मामा."