रजिस्टरात नसलेलं नाव

मी जन्मनोंदणीच्या खिडकीवर बसते. नऊ वर्षं झाली. लोक बाळाचं नाव कागदावर लिहून आणतात, मी ते रजिस्टरात उतरवते आणि दाखल्यावर टाइप करते. या कामात माणसाला नावांचं कौतुक फार दिवस राहत नाही. एकेका वर्षी एकाच नावाची लाट येते आणि ते इतक्या वेळा लिहावं लागतं, की बोटं आपोआप वळतात. जगावेगळी नावंही येतात. ती ठेवणारे आईबाप पहिल्या दिवशी हरखलेले असतात आणि सहा महिन्यांनी दुरुस्तीचा अर्ज घेऊन पुन्हा माझ्याच पुढ्यात उभे राहतात. कुठे वेलांटी चुकलेली असते, कुठे लसीच्या कार्डावर भलतंच काहीतरी छापलेलं. म्हणून घरात कुणी विचारलं की माझा सल्ला ठरलेला: सोपं ठेवा, छोटं ठेवा आणि मला सुखाने जगू द्या.

ताईलाही मी हेच सांगितलं असतं, पण तिने विचारलंच नाही. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं आटोपलं. त्यामुळे या खेपेला पोट चांगलं दिसू लागलं तरी नावाचा विषय निघाला की ती उठून कपड्यांच्या घड्या घालायला जायची. तिच्या सासूबाईंनी मात्र जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे बावीस नावं लिहून ठेवली होती. अकरा मुलींची, अकरा मुलांची. कुणावर अन्याय नको म्हणून.

भावोजी पाणीखात्यात. त्यांचं काम सांगितलं की लोकांना थट्टा वाटते, कारण ते रस्त्याखालचे पाइप ऐकतात. त्यांच्याकडे दीड हात लांबीची लाकडी काठी आहे, वरच्या टोकाला वाटीएवढी गुळगुळीत चकती. काठी जमिनीवर टेकवायची, चकतीला कान लावायचा आणि गळती कुठे आहे ते सांगायचं. खात्याने यंत्रं घेतली आहेत, पण यंत्राने दहा फुटांचा अंदाज दिला की मुकादम म्हणतो, आता कानवाल्याला बोलवा. त्यांचं खरं नाव खात्यात कितीजणांना ठाऊक असेल, कोण जाणे. बोलायला अत्यंत कंजूष माणूस. ताई म्हणते, याने सगळी शक्ती कानात साठवली, तोंडाला काही उरलंच नाही.

नववा महिना लागून आठवडा झाला होता. त्या दिवशी मी रजा घेऊन ताईकडे गेले होते. सकाळी दहाच्या सुमारास ती भाजी निवडता निवडता थांबली.

"छोटे, हे सकाळपासून हललेलं नाही."

"झोपलं असेल."

"गोड खाऊन बघितलं. डाव्या कुशीवर पडून बघितलं." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मला माहितीये हे कसं असतं."

मी वाद घातला नाही. सासूबाई बहिणीकडे गेल्या होत्या. मी टॅक्सी बोलावली, ताईची फाइल काखेत मारली आणि आम्ही निघालो. भावोजींचा फोन वाजत राहिला. पहाटे कुठलीशी मोठी वाहिनी फुटली म्हणून त्यांना बोलावणं आलं होतं.

ती वाहिनी आमच्याच वाटेवर फुटली होती. हॉस्पिटलच्या अलीकडच्या चौकात रस्ता खचला होता आणि गाड्यांची रांग लागली होती. आमच्या मागेही बघता बघता वीसेक गाड्या अडकल्या. पुढेही जाता येईना, मागेही. मी खाली उतरून धावले. चर खणलेला, पंप धडधडतोय, चिखलात सातआठ माणसं, आणि कडेला गुडघ्यांवर बसलेले भावोजी. मी दोन वाक्यांत सांगितलं. ते उठले आणि माझ्यासोबत चालू लागले. काठी हातातच होती. ती खाली ठेवायचं त्यांना सुचलं नसावं, असं मला तेव्हा वाटलं.

टॅक्सीचं दार उघडून त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने नकारार्थी मान हलवली. बस, एवढंच.

मग ते मागोमाग आलेल्या मुकादमाकडे वळून म्हणाले, "पंप बंद करा."

"पंप बंद केला तर पाणी चढेल."

"पाच मिनिटं."

मुकादमाने टॅक्सीत डोकावून पाहिलं आणि स्वतः जाऊन पंप बंद केला. पण गाड्यांची इंजिनं चालूच होती. तेव्हा मुकादम रांगेतून चालत गेला, एकेका काचेवर टकटक करत काहीतरी सांगत. मला वाटलं, लोक भांडतील. तासभर अडकलेली माणसं ती. पण एक इंजिन बंद झालं, मग दुसरं, मग एका ट्रकचं. समोरच्या गाडीतली एक बाई खाली उतरली आणि आपल्या मागच्या गाड्यांना हाताने खुणा करू लागली. थोड्याच वेळात त्या भर चौकात इतकं शांत झालं, की कुठल्याशा गच्चीवर वाळत घातलेली चादर फडफडते आहे, तेवढंच ऐकू येत होतं. भरदिवसा शहर इतकं गप्प झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

भावोजींनी काठीचं टोक शर्टाच्या आतल्या बाजूला पुसलं. ताई मागच्या सीटवर आडवी झाली होती. त्यांनी काठी तिच्या पोटावर टेकवली, चकतीला कान लावला आणि डोळे मिटले. दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरलं, नाडीवर बोटं ठेवून. काठी थोडी सरकवली. पुन्हा सरकवली. बेंबीच्या खाली, डावीकडे. मग ते थांबले, ते थांबलेच. चिखलातली माणसं काठावर येऊन उभी राहिली होती. कुणी खोकलंसुद्धा नाही.

"आहे," ते म्हणाले.

ताईने डोळे घट्ट मिटले. "माझं ऐकू येत असेल तुम्हाला. माझंच असेल."

"तुझं माझ्या बोटांखाली आहे. हे वेगळं आहे. तुझ्या दुप्पट वेगाने चाललंय." आणि लगेच, कान न हलवता, "पण मधूनच अडखळतंय. मंद होतं, परत धरतं. थांबायला नको."

समोर एवढं पोट, त्यावर एक लाकूड, आणि या माणसाला आत काय चाललंय ते ऐकू येत होतं. त्यांनी काठी सोडली नाही, फक्त मान बाजूला घेतली आणि मला म्हणाले, "लाव कान. मी फळ्या टाकायला सांगतो. थांबलं तर ओरड."

मी कान लावला. आधी काहीच नाही, फक्त लाकडाचा गारवा. मग खूप लांबून, मऊ मातीवर कुणीतरी झपझप चालत यावं तसं काहीतरी. दिसत नाही, कोण आहे माहीत नाही, पण येतंय. मध्येच ते मंदावायचं, जणू वळणावर क्षणभर थबकायचं, आणि मी श्वास रोखून धरायचे. मग पुन्हा पावलं. मला एवढंच कळत होतं, की त्या गाडीत आम्ही दोघीच नव्हतो.

पुढचं सगळं झटपट झालं. चरावर फळ्या पडल्या. मुकादमाने आणि तिघांनी मिळून ताईला ताडपत्रीच्या झोळीत घालून पलीकडे नेलं आणि तिथून हॉस्पिटलच्या दारापर्यंत जवळजवळ पळतच. डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावलं, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ठोके कमी होताहेत. आत्ताच्या आत्ता ऑपरेशनला घेऊ." नाळेचे गळ्याभोवती दोन वेढे होते. मुलगी झाली. दोन किलो तीनशे. आधी निळसर, मग लाल, मग रागावलेली. रस्ता सुरू व्हायची वाट पाहत बसला असता तर, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शुद्धीवर आल्यापासून ताई माझ्या मागे लागली. भावोजींनी ऐकलं होतं, मी ऐकलं होतं. ज्या पोटातला तो आवाज, तिलाच तो ऐकू आला नव्हता.

"नेमकं कसं होतं? ठोके होते?"

"ठोके नाही म्हणता येणार. ताई, कसं सांगू, कुणाची तरी चाहूल लागावी ना, तसं होतं."

तिने बाळाचं टोपडं सारखं केलं. मग बाळाकडे बघून हळूच म्हणाली, "चाहूल."

मला वाटलं, माझं वाक्य ती मनाशी घोळवतेय. दहा दिवसांनी घरी नोंदणीचा फॉर्म भरायला बसलो तेव्हा कळलं, की बाईने नाव पक्कं केलं आहे.

मीच सगळ्यात आधी उसळले. "अगं, लोक चहूल लिहितील. ऱ्हस्व करतील. शाळेत बाई विचारतील, चाहूल आली का, आणि पोरं ओरडतील, आली नाही, लागली. आयुष्यभर अर्ज करत बसेल ती."

"तूच म्हणालीस."

"मी वर्णन केलं. नाव नाही सुचवलं."

सासूबाईंनी कॅलेंडर पुढे केलं. "यातलं एकही चालत नाही? अकरा आहेत." मग गंभीर होऊन म्हणाल्या, "हे बघ सूनबाई, नाव हाक मारायला असतं. चाहूल लागते. तिला हाक कशी मारणार?"

तेव्हा भावोजी बोलले. ते दारात बसून बूट पुसत होते. चौकातली हकीकत त्यांच्या आईला आम्ही अजून नीट सांगितलेली नव्हती. त्या घाबरतील म्हणून फक्त 'घाईने न्यावं लागलं' इतकंच कळवलं होतं. आता भावोजींनी सगळं सांगितलं. पंप बंद केला ते, इंजिनं थांबली ते, काठी टेकवली ते. मी त्यांना सलग इतकं बोलताना प्रथमच ऐकत होते.

"आई, सतरा वर्षं मी जमिनीला कान लावतोय," ते शेवटी म्हणाले. "खाली काय फुटलंय, तेवढंच ऐकायला मला बोलावतात. मला वाटायचं, खालून दुसरं काही येतच नाही. त्या दिवशी खालून कुणीतरी कळवलं, मी आहे म्हणून. तिला दुसरं काय म्हणायचं, मला नाही कळत."

त्यांनी पुन्हा बूट हातात घेतला. सासूबाईंचा चेहरा मी पाहत होते. दोन्ही हात मांडीवर तसेच उघडे राहिले होते. बऱ्याच वेळाने त्या उठल्या, बाळाच्या पाळण्यापाशी गेल्या आणि वाकून, अगदी हळू, म्हणाल्या, "चाहूल."

बाळ झोपलेलंच होतं.

"ओ देत नाही," त्या म्हणाल्या. "पण तोंडात बरं वाटतं." आणि कॅलेंडर घडी करून कपाटात ठेवून आल्या.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म घेऊन ऑफिसात आले, पण लगेच नोंद केली नाही. आधी कॉम्प्युटरवर नाव टाकून शोधलं. शून्य. कॉम्प्युटरवर फक्त वीस वर्षांच्या नोंदी आहेत, त्याआधीच्या सगळ्या मागच्या खोलीत कपाटांत. सलग चार दिवस मी जेवणाच्या सुट्टीत त्या खोलीत बसले. प्रत्येक वर्षाची एक सूची असते, अक्षरवार. मी 'च'ची पानं काढायचे आणि बोट फिरवायचे. कागद पिवळे होत गेले, शाई निळ्याची तपकिरी झाली, अक्षरं तिरकी आणि लांब शेपटांची झाली. माझ्याआधी या खुर्चीवर बसलेल्या किती हातांनी ती लिहिली असतील, ते मी त्याआधी कधी मनात आणलं नव्हतं. एकेका ओळीत कुणाच्या तरी घरातली धावपळ, भीती, वाट पाहणं, आणि मी नऊ वर्षं त्यांच्याकडे कामाचा ढीग म्हणून पाहत आले होते.

अगदी पहिल्या सूचीपर्यंत गेले. चाहूल कुठेच नव्हती.

शब्द काही नवा नाही. किती लोकांनी तो किती वेळा उच्चारला असेल, दाराकडे बघत, कुणाची तरी वाट बघत. आणि या एवढ्या कपाटांमध्ये त्या नावाचं एकही माणूस नव्हतं. मी ती धुळीची खोली बंद केली. आपण एका शब्दाला पहिल्यांदा माणूस जोडणार आहोत, हे मला एकाएकी फार मोठं काम वाटायला लागलं.

पाचव्या दिवशी मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं. 'हू' दीर्घ. सावकाश. इतक्या सावकाश मी नोकरी लागली त्या आठवड्यातही लिहिलं नव्हतं. मग सहीसाठी हेडक्लार्कसाहेबांपुढे ठेवलं. ते तीस वर्षं न बघता सह्या करत आले आहेत. पेन टेकवलं आणि थबकले.

"हे नाव आहे की शेरा?"

"नाव आहे, साहेब. माझ्या भाचीचं."

त्यांनी चष्मा लावला. एकदा मनात वाचलं, एकदा ओठ हलवून. "याआधी आहे कुठे?"

"नाही. सगळं बघितलं मी. पहिल्या रजिस्टरापर्यंत."

"सगळं?"

"हो."

मग ऑफिसचं पेन बाजूला ठेवून त्यांनी खिशातलं स्वतःचं शाईचं पेन काढलं, सही केली आणि रजिस्टर मिटलं नाही. शाई वाळेपर्यंत दोन्ही हात टेबलावर ठेवून बसून राहिले. मीही उभी राहिले.

खिडकीबाहेर रांग वाढली होती. पहिल्या नंबरावरचा माणूस वाकून म्हणाला, "मॅडम, काही अडचण आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "या. नाव सांगा."