पहिला जोड

“पाय हलवू नकोस,” भाऊ म्हणाला आणि त्याने पेन्सिल पुन्हा टाचेपासून धरली.

ताईला गुदगुल्या होत होत्या. जमिनीवर कागद, कागदावर तिचा डावा पाय, आणि पायाशी तिचा धाकटा भाऊ गुडघे टेकून बसलेला. पाय जन्मापासून आत वळलेला, उजव्यापेक्षा आखूड. पेन्सिल कडेने फिरून आली तेव्हा कागदावर उमटले ते पावलासारखे कमी आणि वाळून मुडपलेल्या पानासारखे जास्त दिसत होते. भाऊ ते बराच वेळ बघत राहिला. मग त्याने पट्टीने पावलाचा घेर घेतला, घोटा मोजला, आणि हाड कुठे वर येते ते बोटाने चाचपून तिथे फुली मारली.

“इथे दुखतं?”

“चालले की दुखतं.”

“कधी बोलली नाहीस.”

“बुटाच्या दुकानात पायाचं रडगाणं कोण ऐकणार?” ताई म्हणाली. दोघेही हसले. भाऊ जरा कमी हसला.

दुकान त्यांच्या वडिलांनी काढलेले. आसपासच्या चार रस्त्यांवरच्या लोकांची मापे त्यांना तोंडपाठ होती. घरातल्या एका पायाचे माप तेवढे त्यांनी कधी घेतले नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लहानपणी ताई फारच मागे लागली की ते हातोडी न थांबवता म्हणत, “गिऱ्हाइकांचं होऊ दे, मग तुझाच.” माणूस वाईट नव्हता. गिऱ्हाईक संपत नव्हते, एवढेच. ताई न खपलेले जोड वापरत मोठी झाली. डाव्या बुटात चिंधी कोंबायची, नाडी करकचून आवळायची, आणि दुकानात कोणी आले की पडद्यामागे जाऊन बसायचे. बुटवाल्याची पोर लंगडताना दिसली तर धंद्याला बरे दिसत नाही, असे तिला कोणी तोंडाने सांगितले नव्हते. वडिलांनी एकदा नुसता पडदा ओढून घेतला होता, तेवढे तिला पुरले.

वडील गेले. समोर काचेचे मोठे दुकान आले, तिथले बूट यंत्रातून निघत आणि निम्म्या किमतीत जात. भावाचा हात वडिलांइतकाच चांगला, पण जीभ जड. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, तसे त्याचे झाले. दुकानाची जागा विकत घ्यायला एक माणूस अधूनमधून येऊन भिंतींवर टकटक करून जाऊ लागला, तेव्हा शेवटचा उपाय म्हणून भावाने गोष्टवालीला बोलावले.

तिचे खरे काम लोकांच्या धंद्याची जाहिरात करण्याचे. गोष्टवाली हे नाव तिला ताईने ठेवले, कारण पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, “लोक बूट विकत घेत नाहीत हो, गोष्ट विकत घेतात. तुमची गोष्ट काय?” भाऊ डोके खाजवत असतानाच ताई चहा घेऊन आली. टप, फर्र, टप, फर्र. गोष्टवालीने आधी आवाज ऐकला, मग पाय पाहिला.

“या कोण?”

“माझी थोरली बहीण.”

“आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?”

आठवडाभरात भिंतीवर गोष्ट लागली. एका बापाची लेक पायाने अधू होती. वयात आली तरी बाजारातला एकही बूट तिच्या पायात बसेना. बापाने रात्रीचा दिवस करून तिच्यासाठी एक जोड शिवला, आणि त्या जोडातून हे दुकान उभे राहिले.

“असं काही झालं नव्हतं पण,” भाऊ म्हणाला.

“बाप होता, लेक होती, बूट होते,” गोष्टवाली म्हणाली. “मी नुसते जोडून दिले.”

भावाने ताईकडे पाहिले. ताईने भिंतीवरचे शब्द पुन्हा एकदा वाचले.

“राहू दे,” ती म्हणाली. “दुकान तरी राहील.”

पडदा निघाला. तो जिथे होता तिथेच ताईची खुर्ची आली, आणि येईल त्याला ती गोष्ट सांगू लागली. इतकी वर्षे पडद्यामागे बसून ऐकण्यात गेल्यामुळे असेल, पण तिला सांगता फार छान येत होते. कुठे थांबायचे ते कळत होते. लोकांचे डोळे पाणवत, आणि ओल्या डोळ्यांची माणसे भाव करीत नाहीत. भिंतीवर टकटक करणारा माणूस येईनासा झाला. ताई दर खेपेला गोष्टीत काहीबाही घालू लागली. गोष्टीतला बाप थंडीत उठून तिच्या पायावर पांघरूण घाली. हे गोष्टवालीने लिहिलेले नव्हते. तो बाप ताईला आवडू लागला होता. दिवसभर त्याच्याबद्दल बोलून घरी गेल्यावर ती भिंतीवरच्या खऱ्या वडिलांच्या फोटोकडे बघायचे टाळत असे.

आणि मग लोक विचारू लागले, तो पहिला जोड कुठे आहे?

“काचेची पेटी करू,” गोष्टवाली म्हणाली. “जोड तुम्ही करा. जुना दिसला पाहिजे, वापरलेला दिसला पाहिजे.”

म्हणून आज कागद, पेन्सिल आणि गुदगुल्या.

भावाने त्या पायाचा लाकडी साचा कोरला. घासला, पुन्हा कोरला. डाव्या बुटाचा तळ आतून चढता केला, फुली होती तिथे चामडे पातळ केले. काम चालू असताना तो कोणाशी बोलला नाही. जेवायलासुद्धा हाका माराव्या लागल्या. चहाच्या पाण्याने त्याने चामड्याचा रंग उतरवला आणि जोड ताईपुढे ठेवला.

“चार दिवस घालून फीर. सुरकुत्या खोट्या पाडता येत नाहीत.”

ताईने पाय आत घातला. चिंधी शोधायला हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. आत रिकामी जागाच नव्हती. ती उभी राहिली, दारापर्यंत गेली, परत आली. फरफटण्याचा आवाज आला नाही. थोडा झोक होता चालीत, पण हाड टोचत नव्हते.

“बसला?” भावाने विचारले.

तिने मान हलवली. आणि पुन्हा दारापर्यंत चालत गेली.

घरी भावजय ओट्यापाशी दचकली. “अगंबाई! ताई, तुम्ही आलात हे कळलंच नाही.” दुसऱ्या दिवशी ताई रस्त्याच्या टोकापर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी त्याही पुढे, पुलापर्यंत. आजवर तो तिने फक्त खिडकीतून पाहिला होता. कठड्याला टेकून तिने खालचे गढूळ पाणी मनसोक्त पाहिले. आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ संताप आला. चार दिवसांचे काम होते. वडिलांना आयुष्यात चार दिवस मिळाले नाहीत.

पेटी आली. गोष्टवालीने जोड हातात घेऊन सुरकुत्यांवरून बोट फिरवले आणि ती खूश झाली. ताईने तेवढ्यात उठून दिवा लावला, तसा गोष्टवालीचा चेहरा जरा पडला.

“ताई, तुम्ही किती नीट चालताय!”

“याच जोडाची सवय लागली असेल चालीला,” ताई म्हणाली. “जाईल दोन दिवसांत.”

“दुकानात जुनेच बूट घालत जा हं. लोकांना पाय दिसायला हवा.”

पेटीला कुलूप लागले. आत दिवा होता, खाली मखमल होती. इतके दिवस पाय होता तिथे आता पोकळी होती, आणि त्या पोकळीवरही छान उजेड पडत होता.

संध्याकाळी ताई मागच्या खोलीत गेली. भावापुढे कामाचा ढीग लागला होता. गोष्ट गावभर पसरली होती आणि दोन हात कमी पडत होते. साचा कोपऱ्यात पडला होता, त्यावर धूळ बसायला लागली होती.

“मला एक जोड कर ना असाच,” ती म्हणाली. “साधा चालेल. माप तर आहेच.”

“करतो की,” भाऊ मान वर न करता म्हणाला. हातोडी चालूच होती. “एवढं गिऱ्हाइकांचं होऊ दे, मग तुझाच.”

ताई उभी राहिली. त्याच्या लक्षात येईल असे तिला वाटले. त्याने तोंडातला खिळा काढला, तळात ठोकला, दुसरा घेतला. तोही वाईट नव्हता. ती दुकानात परत गेली.

खुर्चीसमोर एक म्हातारी बाई उभी होती. तिने भिंतीवरची गोष्ट वाचली होती, तरी ताईच्या तोंडून पुन्हा ऐकली. मग काचेला नाक लावून जोड बघत राहिली.

“जोड हातात देताना काय म्हणाले हो वडील?” तिने विचारले.

हे आजवर कोणी विचारले नव्हते. ताईने काहीही सांगितले असते तरी चालले असते. तिला आता सांगायची सवय होती. ती पेटीकडे बघत राहिली.

“देताना काही म्हणाले नाहीत,” ती म्हणाली. “माप घेताना म्हणाले. पाय हलवू नकोस, म्हणाले.”

बाईने रुमाल डोळ्यांना लावला.

मागच्या खोलीतली हातोडी थांबली. बराच वेळ थांबली. ताईने बोलणे पुढे नेले नाही, मागे वळूनही पाहिले नाही. मग ठोकणे पुन्हा सुरू झाले.

तिने खाली वाकून बुटातली चिंधी बोटाने आत सारली, आणि बाईला हवा तो नंबर काढायला उठली.